सही करू का?

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. विद्यापीठाची माणसं अंगणवाडीत येऊन गेली. लेकरांची वाढ, बोलणं, समज यांचा अभ्यास आहे, दोन वर्षं अधूनमधून घरी येऊ, बोटातून थेंबभर रक्त घेऊ, मुलीलाही काही विचारू, असं सांगून कागद दिला. सासूबाई म्हणतात, "चांगल्या पोराची परीक्षा कायले?" शेजारीण म्हणते, नाही म्हटलं तर आहार बंद होईल. कापसाची वेचणी चालू आहे, रोजी पाडणं परवडत नाही. काय करू?
– एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, शेजारणीची भीती आधी मनातून काढा. 6 महिने ते 6 वर्षांच्या लेकराला अंगणवाडीतला आहार 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं मिळतो. तुमच्या सहीशी त्याचा काही संबंध नाही. आज हो म्हणून मध्येच थांबावंसं वाटलं, तरी थांबता येतं आणि कारण सांगावं लागत नाही.

सासूबाईंना सांगा, ही पास-नापासाची परीक्षा नव्हे. दंडाचा घेर मोजतील, ठोकळे रचायला देतील, चित्रावर बोट ठेवायला सांगतील. मी बालविकास शिकवायचे, तेव्हा विद्यार्थिनींना घेऊन वर्ध्याकडच्या गावांत जात असे. एका घरी साडेचार वर्षांच्या पोरानं आमच्या ठोकळ्यांना हातच लावला नाही. आजी म्हणाली, "त्याले हे नोका देऊ, धांडे द्या." मग त्यानं ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी केली, जू अन् चाकांसकट! आजी बोलली नसती तर वहीत शून्य पडलं असतं. म्हणून मोजणीच्या वेळी तुम्ही किंवा सासूबाई जवळ बसा. लेकरू पेंगलेलं असेल, अंगात कणकण असेल, तर दुसऱ्या दिवशी बोलवा.

असा अभ्यास वाया जात नाही, हे मी मनापासून सांगते. आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाला तपासते ना, त्या पद्धतीचा कस आपल्या गडचिरोलीतल्या 39 गावांत लागला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या बायांना शिकवलं, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले आणि 1999 मध्ये ते जगापुढे आलं. त्या घरांनी दार उघडलं म्हणून हे झालं.

पण म्हणून घाईनं सही करू नका. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी आणा, कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्यांवर अन्याय होत नाही ना हे पाहणाऱ्या समितीची मंजुरी आणि तिचा फोन नंबर त्यात हवा. रक्ताचं विशेष विचारा : कशासाठी, किती वेळा, उरलेलं ठेवणार का? ठेवून पुढं दुसऱ्या कामाला वापरणार असतील, तर त्याची संमती वेगळी. ते नको असेल तर तेवढंच नाकारा. मुलगी 7 वर्षांच्या वरची आहे, तेव्हा तुमच्या सहीसोबत तिचा स्वतःचा होकारही लागतो. ती नको म्हणाली, तर तिला दटावू नका.

रोजीचं बोलायला लाजू नका. वेचणी उलगल्यावर किंवा सांजच्याला या, म्हणावं. केंद्रावर बोलावलं तर भाडं आणि बुडालेली मजुरी मागता येते. शेवटचं विचाराल ते हे : पोरगं बोलण्यात मागं आहे असं दिसलं, तर आम्हाला कधी सांगाल आणि पुढं कुठं पाठवाल? लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासून उपचार करणाऱ्या, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी देऊ, असं ते म्हणाले, तर मी तुमच्या जागी सही केली असती. नुसते "बघू" म्हणाले, तर कागद परत द्या.