किंमत झाकून बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कोरियातल्या शाळेत पाचवीच्या वर्गात इंग्रजीचं पुस्तक उघडलं की मुलं बाकावर माना टाकतात, आणि ते पुस्तक फेकून द्यावंसं वाटतं, असं तू लिहिलंयस. फेकू नकोस गं. तुझ्यासोबत वर्गावर असणाऱ्या कोरियन बाईंना तो धडा वेळेत संपवायचाच असतो. 'जिंदो', म्हणजे शिकवून झालेला भाग, कुठवर आला, हे त्यांना विचारतात, तुला नाही. तू नुसते खेळ घेत राहिलीस तर राहिलेला धडा त्यांच्या डोक्यावर बसतो. हे कळायला मला एक अख्खं सत्र लागलं, आणि तोवर आमच्या दोघींत अबोला आला होता.

मग एकदा मी शांतपणे धडाच वाचत बसले. 'हाऊ मच इज इट?' 'इट्स थ्री थाउजंड वॉन.' शेजारी चित्र, आणि चित्रात किंमत ठळक छापलेली! समोर दिसतंय तेच कोण कशाला विचारेल?

दुसऱ्या दिवशी मी किमती झाकल्या. अर्धा वर्ग दुकानदार. दुकान म्हणजे शाळेच्या फाटकासमोर असतं तसं 'मुनबांगू', वह्या-पेन्सिलींचं. किमती दुकानदारांनी स्वतः ठरवायच्या आणि कुणाला दाखवायच्या नाहीत. गिऱ्हाइकाकडे ५,००० वॉन, त्यात चार वस्तू आणायच्या. आता विचारल्यावाचून गत्यंतरच नव्हतं. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, महिनाभर ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता, खोडरबर हातात धरून ओरडला, 'टू एक्स्पेन्सिव्ह!' हे धड्यात नव्हतं, कुठून आणलं कोण जाणे. दुकानदारीण काही हटेना. शेवटी 'कावी-बावी-बो', म्हणजे दगड-कागद-कात्री, करून सौदा पटला. पुस्तकातलं एकही वाक्य मी बदललं नव्हतं, आणि ४० मिनिटं कधी संपली कळलं नाही.

तेव्हा धडा हातात आला की एवढंच बघ: यातलं काय झाकलं तर मुलांना विचारावंच लागेल?

हागवॉनला, म्हणजे खाजगी क्लासला जाणाऱ्या मुलांना हे सगळं आधीच येतं, तर शेजारच्याला अजून अक्षरं जुळवता येत नाहीत. येणाऱ्यांना तीच वाक्यं घोकायला लावू नकोस. त्यांना माल परत करायला आलेलं, तक्रारखोर गिऱ्हाईक कर.

आणि त्यांचं 'हँडफोन' (मोबाइल), 'आयशॉपिंग' (काही न घेता नुसतं दुकानं बघत फिरणं) ऐकून हसू नकोस. त्यांच्या भाषेत इंग्रजी एफचा उच्चार नाही, म्हणून कॉफीची 'कॉपी' होते. आपल्या आजीच्या 'ठेसना'ला आपण हसतो का? उलट असे शब्द फळ्यावर लिही आणि इंग्रजीत काय म्हणतात ते शोधायला लाव. वर्ग जागा होतो.

पुढे हायस्कूलवर गेलीस तर मात्र हात आवर. तिथल्या मुलांसमोर नोव्हेंबरची सुनुंग, म्हणजे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, असते. त्या परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना देशभर विमानांची उड्डाणंसुद्धा थांबवतात, यावरून ताण ओळख. त्या मुलांना नाचायला सांगू नये. उताऱ्याचं शेवटचं वाक्य झाक आणि अंदाज करू दे, पुरे.

सोमवारी सकाळी बाईंना आधी पान विचारून घे. मग त्या पानावरचं तू काय झाकणार आहेस, ते मला कळव.

तुझी,
ताई