वर्षश्राद्धाचे ५० हजार संशोधनाला द्यावेत का?

दादा, वडिलांच्या वर्षश्राद्धाला जेवणावळ न घालता ५० हजार रुपये पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारावरच्या संशोधनाला द्यायचं तुमच्या मनात होतं, पण त्यावरच्या एक्झेनाटाइड या औषधाची चाचणी फसल्याचं वाचून हात आखडला, असं तुम्ही लिहिलंत. माझे यजमान चौदा वर्षं शुभार्थी, म्हणजे पार्किन्सन्सचे रुग्ण, आहेत. त्या बातमीने मलाही रात्रभर झोप लागली नव्हती.

एक्झेनाटाइड मूळ मधुमेहाचं इंजेक्शन. ते पार्किन्सन्सवर चालेल का, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या डॉ. टॉम फोल्टिनी यांच्या गटाने पाहायचं ठरवलं. पहिल्या छोट्या चाचणीला पैसे दिले 'क्युअर पार्किन्सन्स' या संस्थेने. ती उभी करणाऱ्यांतले टॉम आयझॅक्स स्वतः शुभार्थी होते, ब्रिटनचा किनारा पायी चालून त्यांनी निधी जमवला होता. पुढची, साठेक जणांची चाचणी मायकल जे. फॉक्स फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या पैशावर झाली आणि २०१७ मध्ये निकाल आशादायक आला. मग १९४ जणांवर ९६ आठवडे मोठी चाचणी. तिचा निकाल २०२५ च्या फेब्रुवारीत लागला: औषध घेणारे आणि औषध नसलेलं इंजेक्शन टोचून घेणारे, दोघांत फरक नाही.

तरी हे पैसे पाण्यात गेले असं मी म्हणणार नाही. हे औषध भूक मारतं, वजन उतरवतं. आमच्याकडे वजन आधीच घटतंय. साठ जणांच्या निकालावर विसंबून मी ते सुरू करा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागलेच असते. मोठ्या चाचणीने ते टळलं. शिवाय पेटंट संपत आलेल्या औषधावर एवढा खर्च करण्यात कंपन्यांना फारसा रस नसतो, तिथे देणगीदारच लागतात. याच कुळातल्या लिक्सिसेनाटाइडची फ्रान्समध्ये १५६ जणांवर चाचणी झाली. २०२४ च्या निकालानुसार औषध घेणाऱ्यांच्या हालचाली वर्षभर जवळपास जैसे थे राहिल्या, मळमळ मात्र बऱ्याच जणांना झाली. म्हणजे ही वाट अजून बंद झालेली नाही. आपली मुख्य गोळी अजून १९६० च्या दशकातली लेव्होडोपाच आहे, आणि तीही आजार थांबवत नाही.

पैसे देण्याआधी संस्थेला विचारा: कोणत्या कामाला जाणार, ते कोण तपासतं, आणि निकाल वाईट आला तरी छापणार का? उत्तर लेखी मागा. रक्कम लहान आहे म्हणून संकोचू नका.

एक मात्र कळकळीने सांगते. संशोधनाच्या नावाखाली रुग्णाकडूनच पैसे मागणाऱ्यांच्या दारात जाऊ नका. आम्हाला एका ठिकाणी स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशींच्या उपचारासाठी काही लाख सांगितले होते, मी दागिने मोडायला निघाले होते. आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी एकच विचारलं, "सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक दिलाय का?" नव्हता. भारतात औषधांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी यादीत असावी लागते आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पार्किन्सन्सवर स्टेम सेल मान्य चाचणीबाहेर देताच येत नाहीत.

संस्था ठरली की इथे कळवा. तिने दिलेलं लेखी उत्तर आपण मिळून वाचू.