हॉप्सची मुळं, "भांगेचं कूळ" आणि आपलं खान्देशी ऊन

चाळीसगावच्या दादांनी लिहिलंय की हॉप्सची (बिअरला कडवटपणा आणि वास देणारा वेल) मुळं पार्सलनं मागवली, पण "हे भांगेच्या जातीचं दिसतं, पत्र आणा" म्हणून ती अडवून ठेवलीत, आणि हातात आली तर गच्चीवर जगतील का. वाचून जुनं दुखणं ठणकलं भो, म्हणून जरा लांबड लावतो. कुंडी कशी भरायची वगैरे तुम्हाला माहीतच असेल, ते सोडून देतो.

माझी मुळं हिमाचलातल्या लाहौलकडून एका ओळखीच्यांनी ओल्या पेपरात गुंडाळून पाठवली होती. आपल्या देशात हॉप्सची शेती होते ती मुख्यतः तिकडेच. पार्सल आलं मार्चमध्ये, आणि एका कार्यालयातल्या साहेबांनी मोबाईलवर बघून जाहीर केलं, "कॅनाबेसी! म्हणजे गांजा." आता कूळ एकच आहे हे खरं, पण हॉप्सचा वंश ह्युम्युलस, आणि १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात आहे तो कॅनॅबिस, म्हणजे भांग-गांजाचा वंश. वांगं आणि धोतरा पण एकाच कुळातले, मग भरीत करायला परवानगी काढायची का? पण ऐकतो कोण. त्यांनी दुसऱ्या टेबलाकडे धाडलं, ते म्हणे आम्ही फक्त परदेशी मालाचं बघतो, परत पहिल्याकडे जा, आणि तोवर पार्सल पत्र्याच्या गोदामात भाजतंय. शेवटी सुटलं तेव्हा मूळ वाकवलं की कटकन तुटायचं, आतून पार तपकिरी. जिवंत मूळ आतून पांढरं आणि ओलसर असतं, घेताना नखानं खरवडून बघा.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: तोंडी वाद घालू नका, "नकार लेखी द्या" म्हणा, सूर बदलतो बऱ्याचदा. पाठवणाऱ्याला खोक्यावर झाडाचं शास्त्रीय नाव आणि आत बिल टाकायला सांगा. मागवायची ती थंडीतच. परदेशातून आणायची असतील तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (झाडाला रोग-कीड नसल्याचा दाखला) लागतं, बॅगेत लपवून आणायचा शहाणपणा नको. मी वकील नाही, कृषी पदवीधर पण नाही, खात्री करून घ्या.

आता गच्चीचं. सगळे उन्हाला घाबरतात, पण मला विचाराल तर खरी अडचण दिवसाच्या लांबीची आहे. हॉप्स चांगला येतो तो साधारण ३५ ते ५५ अक्षांशात, आपण २१ वर. आपला जूनचा सगळ्यात मोठा दिवस पण साडेतेरा तासांच्या आतबाहेर, त्यामुळे वेल उंच व्हायच्या आधीच फुलावर येतो आणि बोंडं (मादी झाडाची फुलं, कामाची तीच) मोजकीच धरतात. यासाठी दक्षिण आफ्रिकेत पूर्वी रात्री दिवे लावायचे, फ्लोरिडात आताही लावतात. तुम्ही पण एलईडी लावून दिवस १५-१६ तासांचा करा, वेल चांगला वाढला की बंद करा. लाईट बिलाची तयारी ठेवा.

काळी माती अजिबात नको, पाणी धरते आणि मुळं कुजतात. दुपारनंतर सावली, वर ग्रीन नेट, खाली ड्रिप. एप्रिल-मेमध्ये लाल कोळी ही बारीक कीड हमखास येते, पान उलटून बघा, बारीक जाळी दिसली की पानाच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरात फवारा मारा. पावसाळ्यात भुरी-केवडा हे बुरशीचे रोग, म्हणून खालची पानं काढून हवा खेळती ठेवा. वेल सुतळीवर वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच गुंडाळा, उलटा गुंडाळला तर सुटतो. देठाला बारीक काटे असतात, फुल बाह्यांचा शर्ट घाला. आणि मादी झाडाचीच मुळं घ्या, बी नको, त्यात नर निघाले तर बोंड नाही. पहिल्या वर्षी फार काही मिळत नाही.

घरी बिअर करायचा विचार असेल तर आधी महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ वाचा, विनापरवाना चालत नाही. मी बोंडं वाळवून उशीत भरतो, पिवळी भुकटी हाताला लागली की वास दिवसभर जात नाही. घरात कुत्रं असेल तर मात्र वाळलेली बोंडं उंचावर ठेवा, खाल्ली तर त्याचा ताप जीवघेणा वाढू शकतो.