नवा खांब जुन्यासारखा घडवावा का?

प्रश्न : माहुलीजवळ आमच्या घराण्याचं छोटं महादेवाचं देऊळ आहे. सभामंडपाचे दोन खांब तडकलेत. पाथरवट म्हणतो, नक्षीसकट हुबेहूब घडवून देतो. पुण्याचा भाचा म्हणतो, नक्षी अजिबात नको, रोमच्या वालादिएरने तसंच केलं. हा कोण, आणि आम्ही कुणाचं ऐकावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : भाचा निम्मा बरोबर आहे.

जुझेप्पे वालादिएर (१७६२–१८३९) हा वास्तुविशारद, रोमचाच. बाप लुइजी नावाजलेला सोना-चांदीचा कारागीर, त्यामुळे बारीक कामाची नजर घरातूनच आलेली. रोमचा पियाझा देल पोपोलो हा चौक आज दिसतो तो त्याच्या आराखड्यामुळे. पण तुमच्या कामाची आहे ती रोममधलीच टायटस या सम्राटाची कमान. पहिल्या शतकातली, संगमरवरी. मध्ययुगात ती एका गढीच्या भिंतीत चिणली गेली; पुढे भिंती पाडल्या आणि कमान डळमळली. १८२० च्या सुमारास वालादिएरने ती दगड-दगड उतरवून परत उभी केली. गेलेले भाग ट्रॅव्हर्टाइनचे, म्हणजे साध्या चुनखडकाचे बसवले. जुन्या खांबांना उभ्या पन्हळी आहेत, नवे खांब सपाट. लांबून कमान अखंड दिसते, जवळ गेलं की नवं-जुनं लगेच कळतं. आतल्या बाजूचा जेरुसलेमच्या लुटीचा देखावा, त्यातली ती सात फाट्यांची समई, मूळचीच आहे. स्तांदाल या फ्रेंच लेखकाला मात्र हे अजिबात रुचलं नाही. ही नुसती नक्कल उरली, असा त्याचा सूर.

आता तुमची अडचण. रोमला दगडच वेगळा होता. तुमच्याकडे जुनाही काळा पाषाण, नवाही तोच. शिवाय तेला-धुपाने चार वर्षांत नवा खांबही काळा होणार. म्हणून उंची, जाडी, घाट जुन्याच मापाचा घ्या, नक्षीच्या जागा कोऱ्या सोडा आणि बैठकीवर साल कोरा. पाथरवट नाराज होईल. त्याचा हात चांगला असेल तर त्याला नवी दीपमाळ घडवायला सांगा.

भाचा चुकतो तो एवढ्यातच, की खांब बदलायचेच हे त्याने धरून चाललंय. तडा वरवरचा आहे की आरपार, हे आधी जाणकाराकडून तपासून घ्या. बदलायचेच ठरलं तर आधी तुळईला टेकू द्या, प्रत्येक चिऱ्यावर नंबर टाकून फोटो काढा, जोडाला सिमेंट नको, चुना वापरा. आणि काढलेले खांब पायरीला लावू नका, ओवरीत ठेवा.