केजन मसाला घरच्या घरी

प्रश्न: विकतच्या केजन मसाल्यात मिठाचाच भरणा जास्त असतो. घरी करायचा तर प्रमाण काय घ्यावं? धणे-जिरे घालू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, धणे-जिरे अजिबात नको, चव लगेच आपल्या रश्श्याकडे वळते. हा मसाला अमेरिकेतल्या लुइझियानाचा. ब्रिटिशांनी १७५५ पासून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून हुसकावलेले बरेच फ्रेंचभाषक अकेडियन तिथे वसले, त्यांचेच वंशज केजन.

चार चमचे पाप्रिका, दोन चमचे लसूण पावडर, कांदा पावडर, सुका थाइम, ओरेगानो आणि काळी मिरीपूड प्रत्येकी एक चमचा, पांढरी मिरीपूड आणि केयेन मिरची अर्धा-अर्धा चमचा. पांढरी मिरी कृपा करून वगळू नका, तिचा उग्रपणा हवाच. पाप्रिकाऐवजी काश्मिरी मिरचीपूड चालेल, पण ती जास्त तिखट, मग केयेन नको.

आपल्या सवयीने भाजायला जाऊ नका. लसूण पावडर क्षणात करपते आणि सगळा मसाला कडू होतो. थाइम-ओरेगानो मात्र तळहातावर चुरडूनच घाला, बोटांना वास लागेपर्यंत. मीठ यात नकोच, ते पदार्थात घाला.

न्यू ऑर्लिन्सचे शेफ पॉल प्रुडोम यांनी १९८०च्या दशकात गाजवलेल्या पद्धतीने सुरमई करून बघा: तुकडी वितळलेल्या लोण्यात बुडवायची, मसाला दोन्ही बाजूंनी चोपडायचा आणि कडकडीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकायची. धूर भरपूर होतो, खिडक्या आधीच उघडा.