अपघातात गेलेला कान संगणकावर आरेखन करून पुन्हा बसवता येतो का?

अपघातात भावाचा डावा कान गेला असून उजव्यावरून संगणकाच्या साहाय्याने हुबेहूब कान करून मिळेल का, असे आपण विचारले आहे. आकार मिळतो, मात्र हा कान डोक्याला कशाने धरून ठेवायचा, हाच खरा अवघड प्रश्न आहे आणि त्याचा निर्णय आरेखनापूर्वी घ्यावा लागतो.

मी मुंबईत कृत्रिम अवयवांच्या प्रयोगशाळेत काम करतो. पूर्वी चांगल्या कानाकडे पाहत उलट बाजूचा कान मेणात कोरावा लागे. आता स्कॅनरने दोन्ही बाजू टिपून उजव्या कानाची प्रतिमा सॉफ्टवेअरमध्ये उलटवतात, ती डाव्या बाजूच्या त्वचेवर जुळवतात आणि त्रिमितीय छपाईने केलेल्या साच्यात वैद्यकीय सिलिकॉन भरतात. कानामागची खाच व आतल्या खोल वळ्या स्कॅनरला नीट दिसत नाहीत, त्या हातानेच सुधाराव्या लागतात. रंगही आम्ही अजून रुग्णाला खिडकीशी बसवून, डोळ्यांनीच जुळवतो.

गोंदाने बसवलेला कान शस्त्रक्रियेविना मिळतो, परंतु मुंबईच्या घामात आणि लोकलच्या गर्दीत त्याचा भरवसा मला वाटत नाही. दुसऱ्या पद्धतीत कानामागच्या हाडात टायटॅनियमचे दोन-तीन स्क्रू बसवतात, ते हाडाशी एकजीव होण्यासाठी साधारण 3 ते 6 महिने थांबतात आणि मग कान चुंबकाने किंवा क्लिपने अडकवतात. स्क्रूभोवतीची त्वचा मात्र रोज स्वच्छ करावी लागते. हे तंत्र ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाने 1965 मध्ये प्रथम दातांसाठी वापरले. कानाचे काम आजही बहुधा दंतवैद्यकातील कृत्रिम अवयवतज्ज्ञ करतात, ते त्यामुळेही. म्हणून नायर दंत महाविद्यालयात किंवा शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करावी.

तत्पूर्वी प्लास्टिक सर्जनला भेटून बरगडीच्या कूर्चेपासून, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचीक भागापासून, कान घडवणे शक्य आहे का, हे जरूर विचारावे, कारण स्क्रूंसाठी उरलेली त्वचा व कूर्चा काढली की ती वाट कठीण होते. छिद्रापुढचा उंचवटा शाबूत असल्यास तो जपावा. कृत्रिम कानाची पुढची कड त्याच्यामागे लपते.

ऊन, घाम आणि तेलाने सिलिकॉनचा रंग उडतो, त्यामुळे एक-दोन वर्षांनी नवा कान लागतो. आरेखनाची फाइल जपलेली असेल तर पुन्हा स्कॅन करावे लागत नाही. तिची एक प्रत आपल्याकडे मागून घ्यावी.