खालच्या डिव्हिजनचं काम

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तालमीच्या संघापलीकडे मी कुठे खेळलोच नाही, मग कोच म्हणून मला कोण विचारणार, असं तू लिहिलंयस. शाळेच्या पंधरा वर्षांखालच्या संघाचं काम चालून आलंय, ते घ्यावं की चांगली संधी येईपर्यंत थांबावं, हेही विचारलंयस. उत्तर देताना माझ्या डोळ्यांसमोर इंग्लंडमधला फुटबॉल मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, पॉल कुक आहे. हे नाव तू बहुधा ऐकलेलं नसशील.

कुक लिव्हरपूलचा. जन्म १९६७ चा, डाव्या पायाचा मिडफिल्डर. विगान क्लबमधून सुरुवात केली, मग नॉर्विच, वुल्व्ज, कव्हेंट्री, ट्रॅनमिअर, स्टॉकपोर्ट, बर्नली. सर्वोच्च डिव्हिजन त्याच्या वाट्याला थोडीशीच आली. कारकिर्दीचा मोठा भाग त्याखालच्या डिव्हिजनमध्येच गेला. चाळिशी जवळ आली तेव्हा तो अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्लीत होता, आणि २००६ मध्ये हा क्लब व्यावसायिक लीगमध्ये परतला. अ‍ॅक्रिंग्टनचं नाव त्या लीगमधून १९६२ मध्ये पुसलं गेलं होतं आणि ती जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती. २००६ मध्ये अ‍ॅक्रिंग्टन वर आलं तेव्हा खाली घसरलेल्यांत ऑक्सफर्डही होतं. फुटबॉलचा हिशोब असा चव्वेचाळीस वर्षांनीही चुकता होतो.

मॅनेजर म्हणून त्याचं पहिलं काम साउथपोर्टचं. अर्ध्या हंगामातच गेलं. त्यानंतर तो आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या स्लायगो रोव्हर्सकडे गेला. छोटं गाव, गावकऱ्यांच्याच मालकीचा क्लब. इंग्लंडमधलं कुणी तिकडे बघत नव्हतं. कुक तिथे जवळजवळ पाच वर्षं राहिला आणि २०१० व २०११ असे लागोपाठ दोन वर्षं आयर्लंडचा एफएआय कप जिंकून दिला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला हाच सगळ्यात महत्त्वाचा काळ. संघ कसा बांधायचा हे तो तिथे शिकला. चार-दोन-तीन-एक (बचावात चार, त्यांच्यापुढे दोन, मग तीन, पुढे एक) ही त्याची रचना आणि चेंडू पायात ठेवून खेळण्याचा आग्रह त्याने पुढेही सोडला नाही, मग डिव्हिजन कोणतीही असो.

पुढची यशं भराभर सांगतो. २०१४ मध्ये चेस्टरफिल्डला चौथ्या पायरीवरचं, म्हणजे इंग्लंडमधल्या वरून चौथ्या डिव्हिजनचं, विजेतेपद. २०१७ मध्ये पोर्ट्समथलाही तेच: शेवटच्या दिवशी चेल्टनमला ६-१ हरवलं, प्लिमथचे आणि त्यांचे गुण सारखेच ८७ झाले आणि गोलफरकावर पोर्ट्समथ पहिलं आलं. २०१८ मध्ये विगानला तिसऱ्या पायरीवरचं विजेतेपद, आणि त्याच हंगामात इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेत मँचेस्टर सिटीवर १-० असा विजय.

आता २०२० नीट वाच. विगान दुसऱ्या पायरीवर होतं, संघ ऐन भरात होता. १ जुलैला बातमी आली की नव्या मालकांनी क्लब दिवाळखोरीत लोटलाय आणि कारभार प्रशासकांकडे गेलाय. त्याची शिक्षा १२ गुणांची कपात. दोन आठवड्यांत याच खेळाडूंनी हल सिटीला ८-० हरवलं. मैदानावर कमावलेले गुण होते ५९, म्हणजे तेरावं स्थान. कपातीनंतर उरले ४७, आणि संघ खाली गेला. कुकने राजीनामा दिला. मुला, कोचच्या हातात काय असतं आणि काय नसतं, हे मला याहून स्पष्ट सांगता येणार नाही. पगार कधी होणार हे ठाऊक नसलेल्या मुलांना त्याने आठ गोल करायला उभं केलं, ते त्याच्या हातात होतं. गुणतक्ता नव्हता.

त्यानंतर इप्सविचने त्याला नऊ महिन्यांत काढलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो पुन्हा चेस्टरफिल्डला गेला. तोवर चेस्टरफिल्ड पाचव्या पायरीवर, चार व्यावसायिक डिव्हिजनच्याही खाली, घसरलेलं होतं. इतकी विजेतेपदं नावावर असलेल्या माणसाने हे काम कमीपणाचं मानलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. २०२३ मध्ये वर जाण्याची जागा ठरवणाऱ्या, वेम्बली मैदानावरच्या प्ले-ऑफ फायनलमध्ये नॉट्स काउंटीकडून तो पेनल्टी शूटआउटवर हरला. पुढच्या हंगामात विजेतेपदच जिंकलं आणि सहा वर्षांनी क्लब लीगमध्ये परत आणला.

एक फरक मात्र ध्यानात ठेव. इंग्लंडमध्ये पाचव्या पायरीवरही बऱ्याच क्लबांत पगारावर घर चालतं. आपल्याकडे शाळेच्या मानधनावर चालणार नाही. तेव्हा नोकरी सोडू नकोस. सराव संध्याकाळीच असतो.

शाळेचं काम घे. मोठी संधी येईपर्यंतचा विरंगुळा म्हणून मात्र घेऊ नकोस. पोरांना ते आठवडाभरात कळतं. निदान दोन हंगाम राहीन असा शब्द दे आणि पाळ. कोचिंगचं डी लायसन्स झालंच आहे, सीच्या कोर्सची चौकशी याच महिन्यात कर. तू मिडफिल्डर आहेस, मागचं आणि पुढचं दोन्ही बघायची तुला सवय आहे. पण जे तुला सहज दिसतं ते तुझ्या बॅकला, म्हणजे बचावपटूला, दिसत नाही, ते शब्दांत सांगायला शीक. प्रत्येक सरावानंतर काय ठरवलं होतं आणि काय घडलं, एवढं वहीत लिहून ठेव. मॅच हरलास तर पोरांशी आधी बोल, पालकांशी नंतर.

मुख्याध्यापकांना या सोमवारीच भेट. मैदान आठवड्यातून किती दिवस मिळेल आणि चेंडू किती आहेत, हे होकार देण्याआधी विचारून घे. काय ठरलं ते कळव.

तुझा,
सर